छोट्या हत्तीचा खुराक

सोमाटणे फाट्याच्या पेट्रोलपंपावर एखाद्या सकाळी रांग जागच्या जागी थिजली असेल आणि मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून वाजवून शेवटी रिक्षा बंद करून तंबाखू मळायला घेतली असेल, तर पुढे परंदवडीचे आण्णा आहेत असं खुशाल समजावं. रांगेच्या तोंडाशी पांढरा छोटा हत्ती उभा असतो. टाकीचं झाकण उघडं असतं, पण नोझल टाकीत नसतं, पंपावरच्या पोराच्या हातात लोंबकळत असतं. आण्णा उन्हाकडे तोंड करून एक गोल कागद न्याहाळत असतात. चष्म्याची डावी काडी कधीच गेलेली, तिच्या जागी सुतळी. कागदावर पेट्रोलचा एक थेंब टाकलेला असतो. तो उडून जाताना मागे डाग ठेवतो का, हे आण्णांना पाहायचं असतं. डाग राहिला तर भेसळ, नाही राहिला तर पुढची चौकशी. काम दोनेक मिनिटांचं, पण मागे लोकल पकडायला निघालेली माणसं असली की तेवढ्यात आण्णांच्या तीन पिढ्यांचा उद्धार होऊन जातो.

आता यात आण्णांचं काही चुकत नाही. फिल्टर पेपर मागावा, पाच लिटरच्या शिक्क्याच्या मापात पेट्रोल ओतून घ्यावं, डेन्सिटी विचारावी, हे सगळे गिऱ्हाइकाचे हक्क आहेत आणि तसं पंपावर लिहिलेलंही असतं. ते वाचणारा माणूस मात्र मी एकच पाहिला. बाकीचे लोक पेट्रोल घ्यायला येतात, आण्णा पेट्रोल बघायला येतात, पसंत पडलं तरच पुढची बोलणी.

बोलणी सुरू होतात ती एका प्रश्नाने. पोरगं विचारतं, "आण्णा, साधं का पावर?"

हा प्रश्न त्याने विचारू नये अशी आण्णांची इच्छा असते. इतक्या वर्षांत त्याला कळायला हवं होतं. ते आधी पोराकडे बघतात, मग गाडीकडे, मग पुन्हा पोराकडे. "हिच्याकडं बघून तुला साधं वाटतं व्हय रं?"

हिच्याकडे बघून काय वाटतं ते आता सांगायला हवं. टाटांनी २००५ साली ही एस नावाची गाडी पुण्यात बनवून बाजारात आणली. तीनचाकी टेंपोच्या किमतीच्या आसपास चार चाकं, बंद केबिन आणि पाऊण टन माल. गिरीश वाघ आणि त्यांच्या चमूने मोठ्या ट्रकच्या कारखान्यात हे एवढंसं प्रकरण जन्माला घातलं आणि लोकांनी आठवड्याभरात तिचं मूळ नाव विसरून तिला छोटा हत्ती करून टाकलं. पहिला हत्ती डिझेल प्यायचा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सचे नियम लागले, डिझेलची इंजिनं महागली, आणि छोट्या हत्तीची पेट्रोलवरची आवृत्तीही आली. आण्णांची ती. ६९४ सीसी, दोन सिलिंडर, तीस अश्वशक्ती. म्हणजे आजकालच्या बऱ्या मोटारसायकलला जेवढी ताकद असते तेवढीच, फक्त पाठीवर पाऊण टन. हिची कामं म्हणजे पहाटे पॉलिहाऊसमधले गुलाब पॅकिंग शेडला नेणं, कधी मार्केट यार्डाला, लगीनसराईत मंडपाच्या खुर्च्या, आषाढात भाताची रोपं, आणि मधल्या वेळात गावातल्या कुणाचीही कुठलीही वस्तू. बेगडेवाडी स्टेशनच्या पलीकडे जायचं म्हटलं तरी हिचा वेग चाळिशीच्या वर जात नाही, कारण रस्ता तसा आहे आणि आण्णाही तसे आहेत.

अशा या गाडीला आण्णा पंच्याण्णव ऑक्टेन पाजत आले.

साधं पेट्रोल मूळचं एक्क्याण्णवचं. इंडियन ऑइलचं एक्सपी ९५, हिंदुस्थान पेट्रोलियमचं पॉवर ९५, भारत पेट्रोलियमचं स्पीड, ही सगळी वरच्या पंगतीतली मंडळी. आपल्याकडे कंपनी कुठलीही असो, लोक म्हणतात ‘पावर’. लिटरमागे सात-आठ रुपये जास्त. आण्णांचा युक्तिवाद सरळ आहे. पंच्याण्णव हे एक्क्याण्णवपेक्षा मोठं आहे. ज्याला हे पटत नाही त्याला ते विचारतात, "तुझ्या पोराला एक्क्याण्णव टक्के पडले पायजेत का पंच्याण्णव?" माणूस गप्प बसतो. पंचायतीच्या कट्ट्यावर या युक्तिवादाला अजून तरी उत्तर सापडलेलं नाही. तिथेच कुणीतरी त्यांना ‘ऑक्टेन आण्णा’ म्हणायला सुरुवात केली. आण्णांना ती पदवी वाटली. आता ते फोनवरही तसंच सांगतात.

या खुळाची मुळं जुनी आहेत. आण्णा तरुणपणी एम-एटीवर दुधाचे कॅन लावून तळेगावला रतीब घालायचे. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं. पंपवाला प्रमाणात ऑइल टाकायचा, आण्णा घरी येऊन वर दोन पळ्या जास्तीचं ओतायचे. "वंगण आहे, अंगी लागंल." अंगी काही लागलं नाही, धूर मात्र लागला. आण्णा निघाले की परंदवडीपासून तळेगावपर्यंत रस्त्यावर निळी रेघ उमटायची आणि लोक दूध आलं की गेलं ते धुरावरून ओळखायचे. प्लग दर आठवड्याला काजळून बंद पडायचा. आण्णा प्लग काढून घासायचे, फुंकायचे, आणि ऑइल कमी पडलं असेल म्हणून आणखी एक पळी वाढवायचे.

गंमत अशी की हा हात सैल आहे तो फक्त टाकीपाशी. बाकी आण्णांइतका काटकसरी माणूस पवन मावळात शोधून सापडायचा नाही. चष्म्याच्या सुतळीचा उल्लेख आलाच आहे. फाट्यावर चहा प्यायचा तर अर्धा, आणि तोही समोरच्याबरोबर वाटून. चप्पल तुटली तर शिवायची, शिवलेली उसवली तर खिळा मारायचा. घरचं दोन एकर इंद्रायणी भाताचं, शिजला की सगळ्या वाडीला वास जाईल असा तांदूळ. तो पोत्यांनी विकायचा आणि घरात कणी शिजवायची. वहिनी एकदा माझ्यादेखत म्हणाल्या, "आमच्यात माणसं साधी आन गाडी पावरवाली." आण्णांना ही स्तुती वाटली. ते म्हणाले, "मग! गाडी कमावती. आपण काय, बसून खाणार."

मी वहिनींच्या बाजूचा आहे. पण आण्णांचा हा हिशेब केवळ मूर्खपणाचा म्हणून सोडून देता येत नाही. तो पाहायला मिळावा म्हणून मी मुद्दाम त्यांच्याबरोबर पंपावर जातो.

एकदा शेजारच्या नोझलला एक जर्मन गाडी येऊन लागली. गहुंज्याकडे स्टेडियमच्या आजूबाजूला उंच उंच इमारती झाल्यात, तिथली असावी. टर्बो इंजिन, काळा रंग, आणि आत इतकं गार की काच खाली झाल्यावर आम्हाला बाहेर बरं वाटलं. आतल्या साहेबांनी फोन कानाला लावूनच सांगितलं, "साधं. दोन हजारचं." आण्णांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी फक्त कुणी शिळं अन्न ताटात वाढताना पाहिलंय. ते पुढे झाले. काचेवर बोटाने टकटक केली.

"साहेब, रागावू नका. चांगली गाडी हाय. हिला साधं घालू नका."

साहेबांनी फोन कानापासून अर्धा इंच दूर केला आणि छोट्या हत्तीकडे पाहिलं. हत्तीच्या मागच्या फळीवर ‘मावळचा राजा’ आणि खाली फुलांच्या कागदाचे चिकटलेले तुकडे. "तुम्ही काय टाकता?"

"पावर."

साहेबांनी काच वर केली. आण्णा परत येताना मला म्हणाले, "लोन काढून घेतली आसंल. पेट्रोलला पैसं राह्यलं नसत्याल."

विनोद असा आहे की त्या दोघांत आण्णाच बरोबर होते, फक्त गाडी चुकीची होती. हे मला मेस्त्रींनी सांगितलं. फाट्यावरच्या गॅरेजमधले मेस्त्री बोलतात कमी, पण आण्णांच्या बाबतीत त्यांना बोलावंच लागतं. त्यांचं म्हणणं असं की ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. सिलिंडरमध्ये पेट्रोल आणि हवा दाबली जाते. दाबली की तापते. ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच ती आपणहून पेटली तर इंजिनात टकटक होते, पिस्टनला मार बसतो. आकडा जितका मोठा तितका दाब ते पेट्रोल न पेटता सोसतं. टर्बोवाल्या, जास्त दाबाच्या इंजिनाला तेवढं सोसणारं पेट्रोल लागतं. ते मिळालं तर त्यातला कॉम्प्युटर ठिणगी जरा आधी टाकतो आणि खरोखर ताकद वाढते. छोट्या हत्तीच्या इंजिनात तेवढा दाबच नाही. एक्क्याण्णवला जे पेटत नाही ते पंच्याण्णवलाही पेटत नाही. "मग वरच्या चाराचं काय होतं?" आण्णांनी विचारलं. मेस्त्रींनी पाना पुसत सांगितलं, "सायलेन्सरातनं बाहेर जातं."

वहिनी डबा घेऊन आल्या होत्या, त्या ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजी कितीबी दाबलं तरी भडकायचं न्हाय, ते शंभर ऑक्टेन?"

"बरोबर, वहिनी."

"मग आमच्या घरात मी हाय की."

मेस्त्रींनी एक बाजू आण्णांचीही सांगितली, कारण माणूस न्यायी आहे. महागड्या पेट्रोलात इंजिन धुणारी द्रव्यं घातलेली असतात, इंजेक्टरवर काजळी धरत नाही. पण आता साध्या पेट्रोलातलं गंधकही नियमाने दहा लाखात दहा भागांवर आणून ठेवलंय, त्यामुळे पूर्वीइतकी घाण मुळात होत नाही. एवढं सगळं ऐकून आण्णांनी त्यातलं नेमकं एक वाक्य उचललं. संध्याकाळी कट्ट्यावर ते सांगत होते, "मेस्त्री स्वतः म्हनला, पावरनं इंजिन धुतलं जातं."

मुलगा तळेगावला मेकॅनिकलचा डिप्लोमा करतो. त्याने बापाला शास्त्राने हरवायचं ठरवलं आणि एक वही करून दिली. किती लिटर भरलं, कुठलं भरलं, किती किलोमीटर गेलो, असे रकाने आखले. आण्णांनी वही मनापासून भरली. दोन महिन्यांनी मुलाने हिशेब काढला आणि त्याचं तोंड उतरलं. पावर भरलेल्या टाकीला ॲव्हरेज खरंच जास्त पडत होतं. थोडंथोडकं नाही, डोळ्यात भरेल इतकं. आण्णांनी तो कागद लॅमिनेट करून केबिनमध्ये लावला.

कारण शोधायला मी एक दिवस साधं पेट्रोल असताना आणि एक दिवस पावर असताना त्यांच्या शेजारी बसलो. साधं असलं की आण्णा इतरांसारखेच चालवतात, गियर ओरडेपर्यंत ताणतात, खड्ड्यात ब्रेक दाबून पुन्हा रेस करतात, कुणाशी बोलायला थांबले तर इंजिन चालूच. पावर असलं की माणूस बदलतो. एवढ्या महागाचं पेट्रोल पायाने उधळायचं का? ॲक्सिलरेटरवर पायाचा अंगठाच टेकवतात. उतार आला की हलकेच सोडून देतात. बोलायला थांबले तर आधी चावी फिरवतात, मग राम राम करतात. घाटाचं तर विचारूच नका. एकदा फुलं घेऊन दादरला जायचं होतं, तर जाताना साधं घातलं आणि परतीला खोपोलीत पावर. बोरघाट चढताना शिंग्रोबाच्या देवळापाशी रुपया टाकला आणि म्हणाले, "बघ, साधं आसतं तर हितं दुसऱ्यावर आली आसती. कशी तिसऱ्यावर चाललीय!" मागे पाहिलं तर हौद्यात रिकामे क्रेट होते. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी आरशातून क्रेटकडे पाहिलं आणि म्हणाले, "क्रेटलाबी वजन आसतं."

मुलाने वहीचं कोडं सोडवलं होतं, पण बापाला सांगितलं नाही. मला म्हणाला, "काका, महागाचं भरल्यामुळे ते नीट चालवतात. उलट झालं तर गाडीचं वाटोळं होईल." या पोराला पुढे चांगली नोकरी लागेल.

एवढं सगळं असूनही मला वाटायचं की या माणसाला नुसता आकड्याचा मोह आहे. आण्णांचा टेंपो कुठे उभा असतो ते पाहिलं तेव्हा माझा हिशेब बदलला. तो अंगणात नसतो, शेडमध्ये नसतो. गोठ्यात असतो. दावणीच्या खुंट्याला लागून, गव्हाणीकडे तोंड करून. गव्हाणीत आता पाना, जॅक आणि ग्रीसचा डबा आहे.

त्या जागेवर सर्जा होता. शर्यतीचा बैल. मावळात शर्यतीचा बैल म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याला बाकीचं काही सांगून उपयोग नाही. आमच्याकडचा बैलगाडा म्हणजे घाट. घाट म्हणजे डोंगर नव्हे, चढाची मोकळी पट्टी. पुढे घोडी, मागे बैल, सगळा मामला सेकंदांचा, आणि बारी चांगली बसली तर वर्षभर छाती खाली येत नाही. सर्जाचा खुराक घरातल्या माणसांच्या आधी निघायचा. दूध, गावठी अंडी, भिजवलेले उडीद, करडईची पेंड, तुपाचा हात लावलेले कणकेचे गोळे. पोरं कोऱ्या चहात भाकरी बुडवून खायची आणि सर्जा दूध प्यायचा. त्यावर कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. सर्जा पळायचा ना!

मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. गावोगावच्या दावणीवर पळणारे बैल नुसते उभे राहिले. कुणी विकले, कुणी नांगराला जुंपले. आण्णांनी सर्जाला ना विकलं ना जुंपलं, आणि खुराक एका अंड्यानेही कमी केला नाही. "उद्या बंदी उठली तर?" उद्या उगवायला साडेसात वर्षं लागली. सर्जा उभ्या उभ्या सुटला, गळ्याची पोळी लोंबायला लागली, चालताना धापा टाकू लागला. पुन्हा घाट न पाहिलेलं एक जनावर घाटाचा खुराक खात राहिलं. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने परवानगी दिली, २०२३ च्या मेमध्ये घटनापीठाने कायदाही उचलून धरला, सगळ्या मावळात गुलाल उधळला. पण बंदी उठली तेव्हा आण्णांच्या गोठ्यात सर्जा नव्हता. टेंपो होता.

आण्णांच्या तोंडून हे मी कधी ऐकलेलं नाही. ते वहिनींनी सांगितलं, तेही कणी निवडताना, मान वर न करता. "त्येंच्या हाताला सवय हाय," एवढंच म्हणाल्या.

तर अशा माणसाला मेस्त्रीचं शास्त्र काय करणार? केलं ते दिल्लीने.

झालं असं की पेट्रोलात इथेनॉल वाढत वाढत वीस टक्क्यांवर गेलं. लोकांनी ओरडा केला, ॲव्हरेज पडतं, रबर खराब होतं. आण्णांना पहिल्यांदा आनंद झाला. त्यांचा थोडा ऊस संत तुकाराम कारखान्याला जातो. इथेनॉल उसापासून होतं, मक्यापासून होतं, तांदळापासून होतं, हे त्यांनी पेपरात वाचलं आणि जाहीर केलं की आपलाच ऊस आपल्या टाकीत येतो. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की तो ऊस आपण टनावर विकतो आणि लिटरवर विकत घेतो. त्या दिवशी त्यांनी पंपावर फिल्टर पेपर तीनदा मागितला.

ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने या ओरड्याला उत्तर दिलं. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा मुळातच शंभराच्या वर, एकशेआठच्या घरात. त्यामुळे एक्क्याण्णवच्या साध्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल पडलं की ते पंच्याण्णव होतं, असं मंत्रालयाचं म्हणणं. मुलाने ही बातमी फोनवर आणली आणि जेवताना बापासमोर ठेवली. आण्णांनी सुतळी कानामागे नीट बसवून ती सगळी वाचली. मग घास खाली ठेवला.

"म्हंजी साधं आता पंच्याण्णव?"

"हो."

"आन आपण पंच्याण्णवचं जादा पैसं देतो?"

"हो."

मुलाला वाटलं, जिंकलो. वहिनींनाही वाटलं, कणीचे दिवस संपले. आण्णा बराच वेळ विचार करत होते. शेवटी म्हणाले, "तरी म्हनलं, ह्या दोन महिन्यात साध्यावरबी गाडी बरी का पळतीय." आणि एक सुस्कारा सोडून, हरल्याचा नव्हे, जबाबदारी वाढल्याचा: "आता शंभरावर जावं लागंल."

शंभर ऑक्टेन ही गोष्ट खरी आहे. इंडियन ऑइलने १ डिसेंबर २०२० रोजी ते देशातल्या दहा शहरांत आणलं, त्यात पुणं होतं. ज्यांच्या गाडीच्या किमतीत आपलं घर येईल त्यांच्यासाठी ते केलेलं. दर दीडशेच्या पुढे. घरात भांडण झालं ते मी नोंदवत नाही. तह असा झाला की रोज साधं, कारण तेही आता आपल्याच उसाने पंच्याण्णव झालंय, आणि सणाला शंभर. सण कुठला, हे विचारायची गरज कुणालाच पडली नाही.

भादवी पोळ्याच्या दिवशी गावात बैल मोजके होते, ट्रॅक्टर ढीगभर. छोटा हत्ती सकाळी पाटाच्या पाण्यावर धुतला गेला. बॉनेटच्या जागी जे काही थोडंसं असतं तिथे हिंगूळ लागला, आरशांना फुगे, वायपरला गोंडे, कपाळाला बाशिंग. वहिनींनी पुरणपोळी टायरसमोर ठेवली, मग गव्हाणीत ठेवली, मग स्वतःच उचलून मुलाला दिली. आण्णा वाजतगाजत चिंचवडच्या बाजूला, जिथे शंभरवालं मिळतं त्या पंपावर गेले. मी शेजारी बसलो होतो, मांडीवर नारळ. तिथल्या पोराने अशी गाडी त्या नोझलसमोर कधी पाहिली नव्हती. तो मॅनेजरला बोलवायला निघाला.

"कितीचं टाकू काका?"

"शंभरचं."

"शंभर रुपयांत लिटरभरसुद्धा येत नाही काका."

"ठाऊक हाय. वास पुरंल तिला."

झिरो पाहिला, फिल्टर पेपर मागितला, थेंब टाकला, डाग राहिला नाही. पाऊण लिटरच्या आतलं ते पेट्रोल टाकीतल्या साध्यात मिसळून गेलं. आण्णांनी गाडी सुरू केली, कान लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आवाज बदलला." खोटं बोललो, पण मांडीवर नारळ होता आणि सणाचा दिवस होता.

एवढ्यावर प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण गेल्या महिन्यात शेजारच्या पॉलिहाऊसवाल्या मुलाने विजेवरचा छोटा हत्ती आणला. तसाच पांढरा, तशाच उंचीचा, फक्त आवाज नाही. गाव बघायला लोटलं. आण्णा सगळ्यांत शेवटी गेले. गाडीला एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं, टाकी शोधली, ती नव्हती. मग चार्जिंगच्या वायरीपाशी थांबले. ती वायर पॉलिहाऊसच्या खोलीत गेली होती. ते तिच्यामागे खोलीत गेले आणि बोर्डाकडे बघत राहिले.

"ह्यात साधी लाईट घालतो का पावर?"

मुलगा पुण्यात शिकून आलेला. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, "आण्णा, लाईट एकच असते."

"सिंगल फेज का थ्री फेज?"

"खोलीला थ्री फेज आहे."

आण्णांची मान हलली. "मग बरोबर. सिंगल फेजवर काय अंगी लागायचं न्हाय." दारापर्यंत गेले आणि वळले. "आन एक कर. रातीची लाईट घालू नको, दिसाची घाल. रातीच्या लाईटला दम नसतो. शेतीला ती तशीच दिल्याली असती, उरल्याली."

परवा दुपारी मी त्या पॉलिहाऊसवरून गेलो तर ऐन उन्हात, कामाच्या वेळेला, विजेचा हत्ती वायर लावून उभा. गुलाबाचे खोके शेडमध्ये पडून, मजूर बसलेले. मी त्या मुलाला विचारलं, रात्री का नाही लावत, रात्री गाडी मोकळीच असते की.

तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "तसं काही नसतं हो. मला माहितीय. पण आण्णा म्हणाले ना."